खारट पाण्याचा ताळेबंद

मीठ पाण्यात विरघळले म्हणजे त्याचे विद्युत्प्रभार असलेले कण सुटे होतात, सोडियमच्या कणावर धनप्रभार आणि क्लोरीनच्या कणावर ऋणप्रभार असतो, आणि अशा प्रभारित कणांना आयन म्हणतात, एवढे ज्ञान माध्यमिक शाळेच्या पुस्तकातून बहुतेकांच्या पदरी पडलेले असते. या ज्ञानातून चौकस मनात जी शंका उत्पन्न व्हावयास हवी, परंतु परीक्षेच्या धांदलीत जी बहुधा विचारावयाची राहून जाते, ती अशी : ज्या पाण्यात असे असंख्य प्रभारित कण वावरत आहेत, त्या पाण्यात हात घातला असता झटका का बसत नाही? थंडीच्या कोरड्या दिवसांत लोकरी कपडा अंगातून काढताना जे क्षुल्लक घर्षण होते त्याने ठिणगी पडते, केस उभे राहतात. आणि गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलेला मनुष्य, ज्याच्या भोवती चहूकडे असंख्य प्रभारित कण आहेत, तो मात्र गारवा आणि खारटपणा यांखेरीज कशाचाच अनुभव न घेता सुखरूप बाहेर येतो.

या शंकेच्या जोडीला दुसरीही एक शंका उभी राहते. सोडियम हा धातू पाण्यात टाकला तर तडतडून पेट घेतो, आणि क्लोरीन हा वायू इतका घातक की १९१५ सालच्या एप्रिलमध्ये ईप्रच्या रणभूमीवर तो शस्त्र म्हणून सोडण्यात आला होता. असे हे दोन दाहक पदार्थ जर मिठाच्या पाण्यात खरोखरीच सुटे असतील, तर आपण आमटी खातो ती कशाच्या जोरावर? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच मुळापाशी जाऊन पोहोचतात, आणि ते मूळ समजून घेतले म्हणजे दवाखान्यातील रक्ताच्या तपासणीपासून उसाच्या शेतातील बिघडलेल्या जमिनीपर्यंत अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

अऱ्हेनियसचे साहस

विजेचा प्रवाह क्षारांच्या द्रावणातून नेला असता दोन्ही टोकांशी पदार्थ वेगळे होतात, आणि वेगळ्या झालेल्या पदार्थाचे प्रमाण हे वाहून गेलेल्या विजेच्या प्रमाणातच असते, हे मायकेल फॅरडे याने १८३३-३४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सिद्ध केले होते. परंतु क्षाराचे रेणू फुटतात ते विजेच्या ओढीने फुटतात, अशीच त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात स्वान्ते अऱ्हेनियस नावाच्या पंचविशीतील तरुणाने १८८४ साली जो प्रबंध सादर केला आणि १८८७ साली ज्यातील विचार अधिक स्पष्ट शब्दांत मांडला, त्याचे सार असे होते की, या विघटनासाठी विजेची मुळीच आवश्यकता नाही. क्षार पाण्यात विरघळताक्षणीच त्याचे प्रभारित भाग परस्परांपासून अलग होतात, आणि वीज येते ती अगोदरच सुट्या असलेल्या या कणांना केवळ दिशा देण्यापुरती.

उप्सालातील अध्यापकांना हा विचार पटला नाही आणि प्रबंध अगदी खालच्या श्रेणीत उत्तीर्ण झाला. त्यांचा आक्षेप आपल्या वरील दुसऱ्या शंकेसारखाच होता, आणि तो पोरकट होता असे म्हणता येणार नाही. कारण सोडियम पाण्यात सुटा असेल तर पाणी पेटत का नाही, या प्रश्नाला इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यापूर्वीच्या त्या काळात समाधानकारक उत्तर देणे सोपे नव्हते. आज ते एका वाक्यात देता येते. सोडियमच्या अणूपाशी एक इलेक्ट्रॉन असा असतो की जो तो सहज देऊन टाकतो, आणि त्याचा सारा दाहकपणा म्हणजे हे देऊन टाकण्याची प्रक्रिया होय; सोडियमच्या आयनाने तो इलेक्ट्रॉन आधीच दिलेला असल्यामुळे त्याच्यापाशी पेट घेण्यासारखे काहीच उरलेले नसते. क्लोरीनचेही तसेच, फक्त उलट दिशेने : त्याला जो इलेक्ट्रॉन हवा असतो तो मिळून चुकलेला असतो. अणू आणि आयन यांत फरक एकाच इलेक्ट्रॉनचा, परंतु स्वभावात अंतर विस्तव आणि मीठ यांचे.

अऱ्हेनियसच्या बाजूने उभे राहिले ते रिगा येथील विल्हेल्म ऑस्टवाल्ड आणि ॲमस्टरडॅम येथील व्हान्ट हॉफ. त्यांच्या हाती एक साधा परंतु बिनतोड दाखला होता. पाण्यात काहीही विरघळवले की त्याचा गोठणबिंदू खाली उतरतो, आणि तो किती उतरावा हे विरघळलेल्या कणांच्या जातीवर नव्हे, तर संख्येवर अवलंबून असते. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर घातली तर ते शून्याखाली १.८६ अंशांवर गोठते. तितक्याच रेणूंच्या हिशेबाने, म्हणजे ५८.५ ग्रॅम मीठ घातले तर ते सुमारे ३.४ अंशांपर्यंत खाली जाते. जवळजवळ दुप्पट. साखरेचा एक रेणू पाण्यात गेल्यावरही एकच राहतो. मिठाच्या एका जोडीचे मात्र दोन स्वतंत्र कण होतात, याहून निराळा अर्थ या आकड्यांचा लावता येत नाही. १९०३ साली अऱ्हेनियसला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच सिद्धांतासाठी.

पुढे १९१३ च्या सुमारास ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली, तेव्हा असे दिसून आले की कोरड्या मिठातसुद्धा सोडियम-क्लोरीनचा जोडीने बांधलेला रेणू असा नसतोच. तेथेही आयनच असतात, एकाआड एक रचलेले. तात्पर्य, पाणी आयन उत्पन्न करीत नाही. पाणी त्यांना फक्त मोकळे करते.

पाणी काय करते?

मिठाचा खडा तेलात कितीही ढवळला तरी विरघळत नाही, पाण्यात मात्र पाहता पाहता नाहीसा होतो, याचे कारण पाण्याच्या रेणूच्या ठेवणीत आहे. हा रेणू सरळ रेषेत नसून वाकडा आहे. त्याच्या दोन हायड्रोजन अणूंमधील कोन सुमारे १०४.५ अंशांचा असून ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन असते. सोडियमच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू आपली ऑक्सिजनची बाजू आत करून जमतात, क्लोराइडच्या आयनाभोवती हायड्रोजनची बाजू आत करून. या वेढ्यामुळे दोन विरुद्ध प्रभारांमधील ओढ पाण्यात इतकी मंदावते की निर्वात अवकाशात ती जेवढी असते त्याच्या सुमारे ऐंशीव्या हिश्शावर येते. तेलात ही घट जेमतेम दोन-तीन पटींची असते, आणि म्हणूनच तेलात मिठाचे आयन स्फटिक सोडून बाहेर पडत नाहीत.

ओढ मंदावली म्हणजे ती नाहीशी झाली असे मात्र नव्हे. इथेच बहुतेक पाठ्यपुस्तके हात आवरता घेतात आणि विद्यार्थ्याच्या मनात असे चित्र राहून जाते की सोडियमचे आयन एकीकडे आणि क्लोराइडचे एकीकडे आपापल्या मर्जीने हिंडत असावेत. वस्तुस्थिती अशी आहे की एकेक आयन स्वतंत्र असला तरी आयनांचा समुदाय स्वतंत्र नसतो. द्रावणाचा कोणताही डोळ्यांना दिसण्याजोगा थेंब घेतला तरी त्यातील एकूण धनप्रभार आणि एकूण ऋणप्रभार समसमानच निघतात. याला विद्युत्-उदासीनतेचे तत्त्व म्हणतात. बाजारात मिठाची, सोड्याची, तुरटीची पुडी मिळते. नुसत्या सोडियम आयनांची बाटली जगातील कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि मिळणारही नाही. ती का मिळणार नाही, हे आकडे मांडून पाहणे उद्बोधक आहे.

एका ग्रॅमचे बळ

समजा, एक ग्रॅम मीठ घेतले, चिमूटभराहून फारसे अधिक नाही, आणि त्यातील सर्व सोडियम आयन एका ठिकाणी व सर्व क्लोराइड आयन त्यापासून एक किलोमीटर दूर, असे अलग करून ठेवले. प्रत्येक ढिगाऱ्यात १,६५० कूलोंब इतका प्रभार जमेल. आकाशातून कोसळणाऱ्या साधारण विजेत पंधरा-वीस कूलोंब वाहून जातात, हे ध्यानी घेतले म्हणजे या चिमटीत सुमारे शंभर विजांचा ऐवज दडलेला आहे हे दिसते. आणि हे दोन ढिगारे एक किलोमीटरच्या अंतरावरून परस्परांना ज्या बळाने ओढतील, ते बळ सुमारे पंचवीस लाख टन वजनाइतके होईल. एक ग्रॅम मिठातील सोडियमला त्याच्या जोडीदारापासून तोडण्यासाठी एवढे बळ लावावयाचे, आणि तेही त्यांना एक कोस नव्हे, जेमतेम हाकेपलीकडे नेण्यासाठी!

उलट बाजूनेही हिशेब करून पाहावा. वीस सेंटिमीटर व्यासाचा एक गोल हंडा असून त्यात चार लिटरांच्या आसपास पाणी आहे व लिटरमागे ५८ ग्रॅम मीठ आहे, असे धरू. या हंड्यात दर बारा हजार कोटी सोडियम आयनांमागे केवळ एक आयन जोडीदाराविना जादा राहिला, तर हंड्यावरील विजेचा दाब तीन लाख व्होल्टपर्यंत चढेल, भोवतालची हवा तो सोसू शकणार नाही आणि ठिणग्या उडू लागतील. म्हणजे जी तफावत रसायनशास्त्रातील कोणत्याही तराजूला कधी जाणवणार नाही, ती विजेच्या हिशेबाने महाभयंकर ठरते. समुद्राच्या पाण्यात कोठे चुकून अशी तफावत उत्पन्न झालीच, तर आजूबाजूचे आयन सरकून ती एका सेकंदाच्या शंभर कोटी भागांपैकी एका भागाहूनही कमी वेळात बुजवून टाकतात.

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर हेच. झटका बसतो तो प्रभार असण्याने नव्हे, प्रभार एका बाजूस जादा असण्याने. लोकरी कपड्यावर प्रभार अत्यल्प, परंतु तो एकाच जातीचा असतो. सागरात तो अपरंपार, परंतु शेवटच्या कणापर्यंत फिटलेला असतो.

सागरजलाची रुजुवात

जुन्या पेढीवर दिवस मावळला म्हणजे मुनीम कीर्द आणि खतावणी समोर घेऊन जमा व खर्च यांची रुजुवात घेत असे. दोन्ही बाजूंच्या बेरजा पैशापैशाने जुळल्याखेरीज दप्तर बांधले जात नसे, आणि बेरीज चुकली तर चूक जमाखर्चात आहे, व्यवहारात नाही, हे त्याला पक्के ठाऊक असे. द्रावणातील धन आणि ऋण आयनांचा ताळेबंद नेमका असाच मांडता येतो. भेद एवढाच की पेढीचा ताळेबंद मुनिमाच्या दक्षतेने जुळतो आणि द्रावणाचा जुळतो तो वर सांगितलेल्या प्रचंड बळाच्या धाकाने. त्यामुळे इथे अफरातफर संभवतच नाही.

हा ताळेबंद मांडताना एक पथ्य पाळावे लागते. आयन वजनाने मोजून चालत नाही, संख्येने मोजावे लागतात, आणि ज्या आयनावर दुप्पट प्रभार आहे तो दोनदा धरावा लागतो. संख्या मोजण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ मोल हे माप वापरतात. एक मोल म्हणजे ६०२ या आकड्यावर एकवीस शून्ये दिली असता होणारी संख्या, आणि मिलिमोल म्हणजे तिचा हजारावा हिस्सा. मॅग्नेशियम व कॅल्शियम यांच्या आयनांवर दोन धनप्रभार असतात, सल्फेटवर दोन ऋणप्रभार. बाकी बहुतेकांवर एकेक. एवढे सांभाळून महासागराच्या एक किलो पाण्याचा हिशेब पाहावा :

चौकट : एक किलो सागरजलातील प्रभार (मिलिमोलमध्ये)

धनप्रभाराची बाजू
सोडियम : ४६९.०
मॅग्नेशियम : १०५.६
कॅल्शियम : २०.६
पोटॅशियम : १०.२
स्ट्रॉन्शियम : ०.२
एकूण : ६०५.६

ऋणप्रभाराची बाजू
क्लोराइड : ५४५.९
सल्फेट : ५६.५
बायकार्बोनेट, कार्बोनेट व इतर किरकोळ : २.४
ब्रोमाइड : ०.८
एकूण : ६०५.६

या आकड्यांतील गोडी ही की हे आयन निरनिराळ्या रीतींनी मोजता येतात. क्लोराइड मोजावयाचे ते सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडून, खाली बसणाऱ्या पांढऱ्या साक्याच्या आधाराने. सल्फेट मोजावयाचे ते बेरियमचा क्षार घालून. सोडियम व पोटॅशियम यांचे मापन ज्योतीच्या रंगावरून. हत्यारे निरनिराळी, कामाच्या वेळा निरनिराळ्या, आणि तरीही दोन बेरजा येऊन एका जागी मिळतात. म्हणूनच विहिरीचे वा नदीचे पाणी तपासणारा प्रयोगशाळेतील माणूस शेवटी दोन्ही बाजूंच्या बेरजा घेतो, आणि त्यांत शेकडा पाचांहून अधिक तफावत दिसली तर अहवालावर सही करण्यापूर्वी तपासणी पुन्हा करतो. तफावतीचा अर्थ दोनपैकी एक : एक तर कोठेतरी माप चुकले, नाहीतर पाण्यात असा एखादा आयन आहे ज्याची मोजणी झालेलीच नाही.

वसई, उरण, पेण या बाजूच्या मिठागरांत हेच पाणी उन्हाने आटते तेव्हाही हा ताळेबंद एक क्षण मोडत नाही. प्रथम खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतो, मागून जिप्सम, त्याच्या मागून मीठ; जे जे पिकते ते ते जोडीनेच पाण्याबाहेर येते, आणि मागे उरलेल्या मॅग्नेशियमच्या कडवट पाण्यातही दोन्ही बाजू सारख्याच असतात.

घट बंद का पडतो?

हे तत्त्व कामाला लागलेले पाहावयाचे असेल तर १८३६ साली जॉन डॅनियलने सिद्ध केलेला विद्युत्घट पाहावा. एका भांड्यात झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताची कांडी, दुसऱ्यात मोरचुदाच्या निळ्या द्रावणात तांब्याची कांडी, आणि दोन्ही कांड्या तारेने जोडलेल्या. जस्ताचे अणू आपले इलेक्ट्रॉन तारेत सोडून धन आयन होऊन पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे येतात आणि तेथील तांब्याच्या आयनांना मिळून त्यांचा धातू कांडीवर बसतो. सर्व यथासांग, आणि तरीही दोन भांडी अशी नुसती शेजारी ठेवली तर प्रवाह सुरू होतो न होतो तोच थांबतो. कारण जस्ताच्या भांड्यात धन आयन वाढत चालले, तांब्याच्या भांड्यात ते कमी होऊन सल्फेट निराधार राहू लागले, आणि ही तफावत लेशमात्र उत्पन्न होताच विजेची ओढ पुढील व्यवहार रोखून धरते. दोन भांड्यांमध्ये पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाने भरलेली वाकडी नळी टाकली, अथवा डॅनियलने केले त्याप्रमाणे दोन द्रावणांमध्ये सच्छिद्र मातीची भिंत ठेवली, की आयनांना ये-जा करण्यास मुभा मिळते, दोन्हीकडील बाकी फिटत राहते, आणि सुमारे १.१ व्होल्टचा घट संथपणे चालू लागतो. तारेतून जेवढा प्रभार जातो, तेवढाच नळीतून आयनांच्या रूपाने गेला पाहिजे; ही अट सुटत नाही.

रक्ताच्या तपासणीचा कागद

अत्यवस्थ रुग्णाच्या रक्ताचा जो अहवाल प्रयोगशाळेतून येतो त्यात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट असे चार आकडे असतात. निरोगी माणसाच्या अहवालात, उदाहरणार्थ, सोडियम १४०, क्लोराइड १०४ आणि बायकार्बोनेट २४ असे आढळेल. सोडियममधून पुढील दोन वजा केले तर १२ उरतात. रक्त तर विद्युत्-उदासीन असलेच पाहिजे. मग ही १२ ची बाकी कोणाच्या नावावर? ती आहे मुख्यत्वे रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या नावावर, आणि थोडीफार फॉस्फेट, सल्फेट इत्यादींच्या नावावर. हे सर्व ऋणप्रभारित असतात, परंतु नित्याच्या तपासणीत मोजले जात नाहीत.

वैद्य या बाकीकडे बारकाईने पाहतात, आणि त्यामागील युक्तिवाद मला आधुनिक वैद्यकातील अत्यंत सुंदर युक्तिवादांपैकी एक वाटतो. मधुमेह अनावर होऊन शरीरात कीटोनजन्य अम्ले साचू लागली, की त्यांतील हायड्रोजन आयन बायकार्बोनेटशी संयोग पावतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे निघून जातो, आणि बायकार्बोनेट २४ वरून, समजा, १० वर उतरते. त्याची रिकामी झालेली जागा त्या अम्लांच्या ऋण आयनांनी घेतलेली असते; पण ते मोजलेले नसल्यामुळे कागदावरची बाकी १२ वरून २६ वर गेलेली दिसते. उलटपक्षी जुलाबांनी हैराण झालेल्या रुग्णाचे बायकार्बोनेट आतड्यावाटे वाहून जाते, तेव्हा समतोल राखण्यासाठी मूत्रपिंड क्लोराइड राखून ठेवते. बायकार्बोनेट १४ वर आले तरी क्लोराइड ११४ वर चढते आणि बाकी १२ ची १२ च राहते. दोन्ही रुग्णांच्या रक्तात अम्लता वाढलेली, दोघांनाही धाप लागलेली. परंतु एका वजाबाकीने वैद्याला कळते की एकाच्या शरीरात जादा अम्ल साचले आहे आणि दुसऱ्याचे स्वतःचे द्रव्य हरवले आहे.

जुलाबाच्या रुग्णाला जी जलसंजीवनी पाजतात, तिच्या पुडीवरील मजकूरही या नजरेने वाचून पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या सूत्राप्रमाणे तिच्या एक लिटर द्रावणात सोडियम ७५ आणि पोटॅशियम २० मिलिमोल असते, म्हणजे धनप्रभार ९५. आणि क्लोराइड ६५ व सायट्रेट १० मिलिमोल असते. सायट्रेटवर तीन ऋणप्रभार असतात, तेव्हा ६५ अधिक ३०, पुन्हा ९५. साखर ७५ मिलिमोल, परंतु तिच्यावर प्रभार नसल्यामुळे ती या हिशेबात येत नाही.

जेथे समतोल ढळतो

हे तत्त्व अपवादरहित आहे काय? अगदी सूक्ष्म हद्दीत नाही. १९२३ साली डिबाय आणि ह्यूकेल यांनी दाखवून दिले की प्रत्येक आयनाच्या निकट विरुद्ध प्रभाराच्या आयनांची गर्दी किंचित अधिक असते, आणि समतोलाचा अंमल सुरू होतो तो या गर्दीचा घेर ओलांडल्यावर. मिठाच्या साधारण द्रावणात हा घेर एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या हिश्शाच्या आसपास असतो, तेव्हा व्यवहारात त्याने काही बिघडत नाही.

परंतु निसर्गाने या एवढ्याशा सवलतीचा केवढा उपयोग करून घेतला आहे! आपल्या शरीरातील मज्जापेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूला थोडासा ऋणप्रभार जादा असतो आणि बाहेरच्या बाजूला तेवढाच धनप्रभार, आणि त्यामुळे आवरणाच्या दोन अंगांत सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक राहतो. एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाइतका व्यास असलेली गोल पेशी घेतली तर त्यासाठी तिच्यातील सुमारे साठ-पासष्ट हजार पोटॅशियम आयनांमागे एकाची तफावत पुरते. पेशीच्या अंतर्भागातील सर्व द्रव उदासीनच असतो; ही तफावत आवरणाला चिकटून असते. आवरण इतके पातळ की त्यातील विजेचा ताण मीटरमागे एक कोटी व्होल्टच्या घरात जातो, हवेला फोडणाऱ्या ताणाहूनही अधिक. हे वाक्य वाचताना वाचकाच्या डोळ्यांपासून मेंदूपर्यंत जो संदेश जात आहे, तो या अल्पशा तफावतीच्या क्षणिक उलथापालथीनेच जात आहे.

चोपण जमिनीचे दुखणे

शेवटी एक बाब अशी की जिचा संबंध थेट आपल्या शेतकऱ्यांशी येतो. सांगली-कोल्हापूर आणि अहिल्यानगर या बाजूंच्या बारमाही पाण्याच्या उसाच्या पट्ट्यांत एकेकाळच्या कसदार काळ्या जमिनी चोपण झालेल्या दिसतात. ओली असता चिखल पायाला सोडत नाही, वाळली की ढेकळे दगडासारखी होतात, पाणी दिले तर ते मुरत नाही, वरच साचते.

काळ्या मातीचा सूक्ष्म कण हा स्वतःच ऋणप्रभारित असतो. त्याच्या स्फटिकरचनेत काही ठिकाणी अधिक धनप्रभाराच्या अणूची जागा कमी धनप्रभाराच्या अणूने घेतलेली असते, आणि ती उणीव कायमची असते. ती भरून काढण्यासाठी कणाच्या अंगाला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे आयन चिकटून राहतात. कॅल्शियम असले की माती रवाळ राहते, तिच्यात हवा-पाणी खेळते. परंतु अतिरिक्त पाण्याने भूजल वर येऊन सोडियमचे प्रमाण वाढले, की सोडियमभोवतीच्या पाण्याच्या वेढ्यामुळे मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, विखुरतात आणि छिद्रे बुजवून टाकतात. १८५० साली इंग्लंडमध्ये जॉन थॉमस वे याने मातीतून अमोनियम क्षाराचे द्रावण झिरपवून असे दाखविले होते की माती अमोनियम धरून ठेवते आणि त्याच्या मोबदल्यात तितक्याच सममूल्य प्रमाणात चुना सोडते. आयनांची कल्पना रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. नियम तेव्हाही तोच होता : मातीच्या कणावरून एक आयन निघावयाचा तर त्याच्या जागी तेवढ्याच प्रभाराचा दुसरा आला पाहिजे.

म्हणूनच चोपण जमीन नुसत्या पाण्याने धुऊन सुधारत नाही. सोडियमला कणापासून हलविण्यासाठी कॅल्शियम आणावा लागतो, आणि तो जिप्सममधून मिळतो. कॅल्शियमचा एक आयन सोडियमचे दोन आयन उठवून त्यांच्या जागी बसतो. उठलेल्या सोडियमला मात्र एकट्याने कोठेही जाता येत नाही. जिप्सममधून सुटलेल्या सल्फेटला सोबत घेऊनच त्याची रवानगी होऊ शकते, आणि ती पाण्याबरोबर, जमिनीच्या बाहेर. जमिनीत चुनखडी भरपूर असेल तर गंधक घालूनही हेच साधते. जिवाणू गंधकाचे अम्ल बनवितात, अम्ल चुनखडीतील कॅल्शियम मोकळा करते, आणि पुढचा व्यवहार तोच.

निचरा नसेल तर हा सोडियम सल्फेट तेथेच साचून राहतो, उन्हाळ्यात पाणी आटले की केशाकर्षणाने वर येतो, आणि जिप्समवर केलेला खर्च वाया जातो. जी जमीन केवळ खारवट आहे, म्हणजे जिच्यात विद्राव्य क्षार आहेत परंतु मातीच्या कणांवर सोडियम फारसा बसलेला नाही, तिला जिप्समची गरज नसते; तिला निचरा आणि चांगले पाणी पुरते. तेव्हा शेतकरीबंधूंनी जिप्समच्या गोणी आणण्यापूर्वी माती तपासून घ्यावी, ती खारवट आहे की चोपण हे अहवालावरून ठरवावे, आणि चोपण असली तरी आधी चर खणून अथवा जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून पाण्याला वाट करून द्यावी, मगच जिप्सम पसरावे.